नोव्हेनांचा हिशोब आणि माणसाचे मोल

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर सरत आला की गोव्यात फेस्तांचा (चर्चच्या सणांचा) हंगाम भरात येतो. २४ तारखेला जुन्या गोव्यात सांव फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेना (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात, ३ डिसेंबरला फेस्त, पाठोपाठ ८ तारखेला पणजीचे. मराठी वृत्तपत्रांतही या दिवसांत फेस्ताच्या बातम्या, प्रेझिदेंताचे (फेस्ताच्या यजमानाचे) फोटो, शुभेच्छांच्या जाहिराती येतात. हे सगळे वाचणाऱ्याला वाटू लागते की ख्रिस्ती माणसाची देवापुढची किंमत यावरूनच ठरत असावी : नऊच्या नऊ नोव्हेना कोणी केल्या, चालत कोण गेला, कोणाच्या घराण्याने फेस्त किती वेळा केले. हा समज चुकीचा आहे, आणि तो आमच्या ख्रिस्ती घरांतही चांगलाच मुरला आहे. दोतोर्न (मुलांचे धर्मशिक्षण) शिकवताना आणि मोठ्यांच्या तयारीवर्गांत सर्वांत जास्त वेळ हाच गुंता सोडवण्यात जातो. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

चर्चच्या शिकवणीत स्वीकार आधी येतो आणि आचरण नंतर. चर्चचा कायदा (कॅनन ८६७) आईबापांना सांगतो की मुलाचा बाप्तिस्मा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच व्हावा. त्या वयात बाळाने एक प्रार्थना म्हटलेली नसते, एक उपास केलेला नसतो. तरी डोक्यावर पाणी पडते आणि ते देवाचे मूल ठरते. घरात मूल जन्मले की रेशनकार्डावर नाव चढते, ते पुढे काय कमावणार हे कोणी विचारत नाही, तसेच हे. मार्कच्या शुभवर्तमानातही क्रम हाच आहे. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो आणि तू माझा प्रिय पुत्र आहेस, अशी वाणी आकाशातून येते. तोवर त्याने एकही चमत्कार केलेला नसतो, एकही प्रवचन दिलेले नसते.

पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय तर धार्मिक बायोडाटाच आहे. आठव्या दिवशी सुंता, बन्यामीन वंश, इब्र्यांतला इब्री, परुशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा), नियमशास्त्राच्या बाबतीत निर्दोष. ही यादी तो स्वतःच मांडतो आणि लगेच सांगतो की ख्रिस्तापुढे हे सगळे मी केरकचऱ्यात जमा केले. लूकच्या अठराव्या अध्यायातला परुशी आठवड्यातून दोन उपास करतो. मोशेच्या नियमशास्त्राने वर्षाकाठी उपासाचा एकच दिवस ठरवून दिला होता. म्हणजे गड्याने नियमाच्या शंभरपट केले, आणि तरीही नीतिमान ठरून घरी गेला तो मागे उभा राहून छाती बडवणारा जकातदार.

हा वाद जुना आहे. माणूस स्वतःच्या बळावर देवाला पोचतो ही पेलागियस नावाच्या धर्मशिक्षकाची मांडणी चर्चने ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेत आणि पुन्हा ५२९ मध्ये ऑरेंजच्या सभेत नाकारली. लूथरच्या १५१७ च्या बंडानंतर १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनेही सांगितले की नीतिमान ठरण्याची सुरुवात देवाच्या कृपेनेच होते, आपल्या पुण्याईने नव्हे. कॅथलिक कर्मावर भर देतात आणि प्रोटेस्टंट विश्वासावर, असे वाक्य आजही सर्रास ऐकू येते. ते म्हणणाऱ्यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि जागतिक लूथरन महासंघ यांनी सही केलेला संयुक्त जाहीरनामा जरूर वाचावा. आपल्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून मान्य केले आहे. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चही त्यात सामील झाले. पेलागियसची चूक आजच्या धार्मिक माणसात कशी नव्या रूपात शिरते, यावर पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या पत्रात पानेच्या पाने खर्च केली आहेत.

मग नियम कशाला, असा प्रश्न येतो. येऊ द्यावा. त्याचे उत्तर शुभवर्तमानातल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराच्या गोष्टीत आहे. येशू आधी त्याच्या घरी पाहुणा गेला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परतफेड ही घोषणा जक्कयाने नंतर केली. पैसे आधी मोज, मग येतो, असे येशू म्हणाला नाही. पण परतफेड झालीच, आणि चौपट झाली. चांगली कृत्ये नकोत असे म्हणणाऱ्याला याकोबाचे पत्र गप्प करते. कृत्ये कुठे बसतात एवढाच प्रश्न आहे.

आता व्यवहाराचे बोलू, कारण घोळ तिथेच होतो.

चर्च प्रत्यक्षात किती मागते हे पुष्कळांना माहीतच नसते. रविवारी आणि ठरलेल्या सणांना मीस, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना. गंभीर पाप घडले असेल तर वर्षातून निदान एकदा कुमसार, म्हणजे पापांगीकार. वर्षातून एकदा, शक्यतो पास्खाच्या (ईस्टरच्या) काळात, कुमगार, म्हणजे मिसेत ख्रिस्तप्रसाद घेणे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे असे दोन उपास, तेही अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंत. त्या दिवशी एकदा पोटभर जेवण, सकाळ-संध्याकाळ थोडे खाण्याची मुभा. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो. शिवाय ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजांना हातभार. संपली यादी. कुमगाराआधीचा उपास एका तासाचा, त्यात पाणी आणि औषध केव्हाही चालते, आणि म्हातारी, आजारी माणसे व त्यांची काळजी घेणारे यांना तोही लागू नाही. तरीही मधुमेहाची गोळी न घेता, कोरड्या तोंडाने सकाळच्या मिसेला येणारी आजी जवळजवळ प्रत्येक गावात सापडते. तिला हे कोणी तरी सांगायला हवे. शक्यतो सुनेने नव्हे, पाद्रीबाबने.

रविवारच्या मिसेचेही तसेच. आजारपण, तान्हे बाळ, आजाऱ्याची शुश्रूषा अशा गंभीर कारणाने मीस चुकली तर ते पाप नाही, हे चर्चच्या प्रश्नोत्तरीत (परिच्छेद २१८१) स्पष्ट छापलेले आहे. आमचे तारवटी सहा-सहा, आठ-आठ महिने जहाजावर असतात. रविवारी जेवणावळीची पाळी लागली तर मीस कुठली? कॅनन १२४८ चे दुसरे कलम अशांसाठी आहे : मीस अशक्य असेल तेव्हा एकट्याने किंवा चार जणांनी मिळून योग्य तेवढा वेळ प्रार्थना करावी, अशी शिफारस त्यात आहे. व्यवहारात याचा अर्थ त्या रविवारचे शुभवर्तमान वाचणे, थोडे शांत बसणे, आमच्या बापा म्हणणे. पंधरा मिनिटे पुरतात. सुट्टीवर घरी आल्यावर चुकलेले रविवार बोटांवर मोजून सांगत बसण्याची गरज नाही.

दुसरी अडचण पहिल्या शुक्रवारांची. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये संत मार्गारेट मेरी आलाकोक यांच्यापासून ही भक्ती पसरली : ओळीने नऊ महिने पहिल्या शुक्रवारी कुमगार घेणे. भक्ती उत्तम आहे. बिघाड होतो तो असा की आठव्या महिन्यात ताप आला, खंड पडला, आणि माणूस रडकुंडीला येऊन पुन्हा एकपासून मोजू लागतो. किंवा याच्या उलट, नऊ पुरे झाले की विम्याचा हप्ता फिटल्यासारखा निर्धास्त होतो. दोन्हींत लक्ष येशूच्या हृदयावर नसते, आकड्यावर असते. लोकभक्तीविषयी व्हॅटिकनने २००१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत या नऊ शुक्रवारांचे नाव घेऊन भोळ्या भरवशाबद्दल सावध केले आहे. उपाय सोपा आहे : मोजणी सोडा, शुक्रवार धरा. दहावा, अकरावाही करा, आणि चुकला तर पुढच्या महिन्याला जा.

इंडल्जन्सविषयी तर कमालीचा गैरसमज आहे. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळातले झेवियर यांचे शवप्रदर्शन आणि त्याला लागूनच आलेले २०२५ चे ज्युबिली वर्ष या निमित्ताने त्याची बरीच चर्चा झाली. इंडल्जन्सने पाप माफ होत नाही. पाप माफ होते कुमसारात, तेही फुकट. माफ झालेल्या पापाचे जे परिणाम उरतात त्यांच्यासाठी ते आहे. अटी चार : कुमसार, कुमगार, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि पापाची ओढ सोडण्याची मनाची तयारी. एका कुमसारावर अनेक दिवस भागते, कुमगार मात्र दर वेळी वेगळा लागतो, आणि पूर्ण इंडल्जन्स दिवसाला एकच. पहिल्या तीन अटी लोक अगदी काटेकोर पाळतात. चौथीबद्दल कोणी विचारत नाही, कारण तिच्यावर खूण करता येत नाही.

सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे रोज रात्रीचे आत्मपरीक्षण. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नासियस यांनी त्याच्या पाच पायऱ्या घालून दिल्या आहेत. पहिली, आज जे मिळाले त्याबद्दल देवाचे आभार. दुसरी, आपली चूक दिसावी म्हणून प्रकाश मागणे. तिसरी, दिवस तासातासाने तपासणे. चौथी, क्षमा मागणे. पाचवी, उद्यासाठी निश्चय. दहा ते पंधरा मिनिटांचे काम. बहुतेक जण पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी मारतात, आणि मग त्या प्रार्थनेची खतावणी होते : रागावलो दोनदा, खोटे बोललो एकदा, तेर्स (जपमाळ) राहिला. आठ दिवसांत माणूस एक तर कंटाळतो किंवा स्वतःचा तिरस्कार करू लागतो. इग्नासियस यांनी आभार पहिले ठेवले याला कारण आहे. मिळालेले आधी मोजले की माणूस पाहुणचार घेतलेल्याच्या मनाने आपली चूक बघतो, आरोपीच्या मनाने नाही. म्हणून तयारीवर्गात आम्ही सांगतो की पहिल्या महिन्यात फक्त पहिली पायरी करा. रोज तीन गोष्टी, नेमक्या. देवाने सगळे चांगले दिले, असे मोघम चालणार नाही. शेजारणीने काढून दिलेला पाण्याचा हंडा, वेळेवर मिळालेली फोंड्याची बस, अशा. बाकीच्या चार पायऱ्या नंतर आपोआप जागेवर बसतात.

काहींच्या बाबतीत मात्र हा हिशोब आजाराच्या पातळीला जातो. खुणा ओळखता येतात. माफ झालेले तेच पाप पुन्हा पुन्हा कुमसारात सांगणे. प्रायश्चित्त म्हणून दिलेली प्रार्थना लक्ष विचलित झाले म्हणून पाच-सहा वेळा पहिल्यापासून म्हणणे. रांगेत उभे राहून ऐन वेळी कुमगार न घेता परत फिरणे. एका पाद्रीने क्षमा दिली तरी दुसऱ्याकडे जाऊन खात्री करून घेणे. जुन्या गोव्याच्या बासिलिकेत मुख्य वेदीवर ज्यांची भव्य मूर्ती आहे ते इग्नासियस स्वतः १५२२ मध्ये मान्रेसात याच छळातून गेले. आठवडाभर अन्नपाणी सोडले, जीव द्यावा असे विचार आले. पाद्रीने उपास सोडायला लावला आणि त्यांनी तो सोडला. अशा माणसासाठी चर्चचा अनुभवसिद्ध सल्ला असा : एकच पाद्री धरावा, तो म्हणेल तेवढ्याच वेळा कुमसार करावा, जुने पाप पुन्हा उकरू नये, आणि पाप झाले की नाही अशी शंका असेल तर झाले नाही असे धरून कुमगार घ्यावा. घरच्यांनी ‘नाही रे, तू चांगला आहेस’ अशी खात्री दिवसातून वीसदा देत बसू नये. खात्री जितकी द्याल तितकी भूक वाढते. या विचारांत आणि तपासण्यांत दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल तर तो मानसिक आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. बांबोळीच्या मनोरुग्णालयात जाण्यात कमीपणा नाही. श्रद्धा कमी पडली म्हणून हा आजार होत नाही, तेव्हा आणखी एक नोव्हेना हा त्यावरचा उपाय नव्हे.

फेस्ताच्या मानाबद्दल लिहिणे थोडे अवघड आहे, पण टाळता येत नाही. गोव्यातल्या कोंफ्रारियांत (चर्चच्या बंधुसंघांत) जातीचे आणि गावकरीचे मान दीर्घकाळ चालत आले. ओपमूर्स (मानाचा झगा) कोणी घालायचा, मिरवणुकीत खुरीस (क्रूस) कोणी धरायचा यावरून भांडणे झाली, काही कोर्टात गेली. बँड, फुले, दारूकाम, जेवणावळ यांचा खर्च ऐपतीबाहेर जाऊनही ओढला जातो, कारण आजोबांनी केले तर नातवाने मागे कसे राहायचे? याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभेत आलेल्या सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यांतल्याला पायाशी बसवणे याला सरळ पक्षपात म्हटले आहे. फेस्ताच्या मिसेला पुढच्या दोन रांगा आमदार-मंत्र्यांसाठी राखताना हा अध्याय कोणाला आठवत नाही. गोव्याचे मिशनरी संत जुजे वाझ १६८७ मध्ये डच सत्तेखालच्या श्रीलंकेत शिरले ते भिकाऱ्याच्या वेशात. त्यांच्या फेस्तालाही मानाच्या खुर्च्या असतात, आता काय म्हणावे? काही गावांनी एका प्रेझिदेंताऐवजी सगळ्या गावाने मिळून फेस्त करायला सुरुवात केली आहे. ज्यांना तसे करायचे असेल त्यांनी तीन गोष्टी आधीच्या वर्षीच ठरवाव्यात : वर्गणी गुप्त ठेवायची, देणगीदारांची यादी वाचायची नाही, आणि पहिल्या रांगा व्हीलचेअर, म्हातारी माणसे आणि पोटुशी बायांसाठी ठेवायच्या. यादीचे आधी ठरवले नाही तर ऐन व्हेस्पराच्या (फेस्ताच्या आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेच्या) दिवशी कोणी तरी कागद घेऊन माइकपाशी येतोच.

हा रोग जुन्या वळणाच्या लोकांनाच लागतो असेही नाही. करिस्मॅटिक (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या) मेळाव्यांत अन्य भाषांत बोलता येणे, साक्ष देता येणे, रात्रभर जागून प्रार्थना करणे हीही पदके होऊ शकतात. ज्याला अन्य भाषा येत नाहीत तो कोपऱ्यात बसून आपलेच काही चुकत असेल म्हणून झुरतो. त्याला करिंथकरांसच्या पहिल्या पत्राचा बारावा आणि तेरावा अध्याय लागोपाठ वाचून दाखवावा.

दोतोर्नच्या वर्गात बदल करणे आपल्या हातात आहे. हजेरीपत्रक ठेवावे, पण सर्वाधिक हजेरीचे बक्षीस बंद करावे. ते बहुधा त्याच मुलाला मिळते ज्याला सोडायला घरी स्कूटर आहे. पहिल्या कुमगाराच्या तयारीत प्रार्थना पाठ करून घेण्याआधी दोन-तीन रविवार फक्त बाप्तिस्म्यावर द्यावेत. प्रत्येक मुलाने आपल्या बाप्तिस्म्याची तारीख शोधून आणायची. पोप फ्रान्सिस हा गृहपाठ पुन्हा पुन्हा सगळ्यांना देत असत. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्या पुस्तकात नाव, आईबाप, पाद्रिन-माद्रिन (धर्मपिता-धर्ममाता), जागा आणि तारीख यांची नोंद असते. जन्मतारीख आणि आईबापांची नावे दिली की ती सापडते. आमच्याकडे हे जुने दाखले बहुतेक वेळा पोर्तुगालच्या पासपोर्टासाठीच बाहेर काढले जातात. तारीख सापडली की त्या दिवशी घरात एक मेणबत्ती लावावी आणि मुलाला सांगावे की या दिवशी तू काहीच केले नव्हतेस आणि तरी तुला नावाने हाक मारली गेली. दहावीच्या निकालाच्या दिवशी हे वाक्य फार कामाला येते.

घरात अंथरुणाला खिळलेल्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. जन्मभर रोज मीस ऐकलेली बाई म्हणते, आता मी कसल्या कामाची. तिचे मोल त्या मिसांमुळे होते असे तिला आपणच शिकवलेले असते, त्यामुळे नुसत्या गोड शब्दांनी ते पुसले जात नाही. तिच्यासाठी कुमगार घरी मागवता येतो. पाद्रीला किंवा चर्चने नेमलेल्या सेवकाला आठवडाभर आधी सांगावे, टेबलावर पांढरे कापड, खुरीस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी ठेवावे, टीव्ही बंद करावा. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (प्रार्थनेसह तेल लावण्याचा विधी) शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवायचा नसतो. गंभीर आजारात तो घेता येतो, आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. पाद्री दारात दिसला की शेजारी ‘गेली की काय’ म्हणून जमतात, एवढ्या एका भीतीने कित्येक घरे बोलावतच नाहीत.

आणि ज्यांच्या नावाने हा सगळा उत्सव चालतो त्या झेवियरविषयी. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. त्यांचे शेवटचे मोठे काम चीनमध्ये शिरण्याचे होते. कँटनला गुपचूप नेण्याचे कबूल केलेला व्यापारी आलाच नाही. ३ डिसेंबर १५५२ ला सांच्यान बेटावर तापाने त्यांचा अंत झाला तेव्हा समोर चीनचा किनारा होता आणि सोबत अंतोनियो नावाचा एक चिनी तरुण. कार्यअहवाल लिहायचा तर ती मोहीम फसली असेच लिहावे लागेल. आपण फेस्त करतो ते नेमके त्या तारखेला.

आपल्याकडे एक विनंती आहे. फेस्तांच्या पुरवणीत प्रेझिदेंतांच्या नावांसोबत चार ओळी उपयोगाच्या छापाव्यात : कुमसाराच्या वेळा, कोणत्या भाषेची मीस किती वाजता, व्हीलचेअरसाठी कोणते दार, आणि आजाऱ्यांच्या घरी कुमगार हवा असेल तर कोणाला आणि कधीपर्यंत सांगायचे. ही माहिती प्रत्येक चर्चच्या सूचनाफलकावर असते. नोव्हेना सुरू होण्याच्या आठवडाभर आधी छापली तर लांबून येणाऱ्यांची सोय होईल.

आपले,
धर्मशिक्षण देणारे काही ख्रिस्ती वाचक,
बार्देश, गोवा